हाकेला ओ देईल असे नाव



‘नाव ठेवणे’ या शब्दांचे आपल्या मराठीत दोन अर्थ होतात. बारशाच्या दिवशी आपण मुलाला नाव ठेवतो, आणि पारावर बसलो की दुसऱ्याला नावे ठेवतो. कुत्र्याच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकदम खरे ठरतात. त्याला कोणतेही नाव ठेवा, शेजारीपाजारी त्या नावाला नावे ठेवणारच. विषय तसा लहान वाटेल. पण घरात आलेले कुत्रे दहा-बारा वर्षे राहते, आणि तेवढी वर्षे त्याचे नाव लहानथोर सगळ्यांच्या तोंडी रोज येते. शिवाय या नावाच्या पायी कुत्र्याच्या मादीपिल्लांचे काय होते, तेही आज बोलायचे आहे.

आधी एक जुनी हकिकत ऐका. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लोकांत कोलुमेला नावाचा शेतीचा मोठा जाणकार होऊन गेला. त्याने शेतीवर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. नांगरट, द्राक्षाचे मळे, गुरे, मेंढ्या, मधमाश्या, सारे काही त्यात आहे. सातव्या भागात राखणीच्या कुत्र्यांचाही विचार त्याने केला आहे. तो सांगतो की, कुत्र्याचे नाव फार लांब असू नये, म्हणजे हाक मारताच त्याला चटकन उमगते. पण दोन अक्षरांहून आखूडही असू नये. दोन अक्षरे म्हणजे उच्चाराचे दोन ठोके, बरं का. मग तो नमुन्यादाखल काही नावे देतो. त्यात मादीसाठी एक नाव आहे ‘तिग्रिस’. तिग्रिस म्हणजे वाघीण! आता बघा, आपल्याकडचा मेंढपाळ आपल्या कुत्र्याला ‘वाघ्या’ म्हणतो, तो काही लॅटिन पोथी वाचून नाही. रात्री वाड्याबाहेर लांडग्याची चाहूल लागली की कोणालाही आपले कुत्रे वाघासारखे असावे असेच वाटणार, मग तो रोमचा असो की माणदेशचा.

कोलुमेलाच्याही सुमारे चारशे वर्षे आधी झेनोफन या ग्रीक लेखकाने शिकारीच्या कुत्र्यांवर लिहिले. त्यानेही हाक मारायला सोपी म्हणून आखूड नावेच ठेवावीत असे सांगून ४७ नावांची यादीच दिली आहे. त्यातल्या काहींचे अर्थ लावले तर भाला, रखवालदार, आनंद, किरण असे निघतात. ‘किरण’ तेवढे ध्यानात ठेवा. त्याच्याकडे पुढे यायचे आहे.

आपल्या वाडवडिलांनीही नेमके हेच केले. मोत्या, वाघ्या, खंड्या, काळू, शेरू, राजा ही नावे मोजून पाहा. सगळी दोन ठोक्यांची. यामागे कुत्र्याच्या कानाचा अभ्यास नव्हता, पण अनुभव होता. आज तो अभ्यासही झाला आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला चाळीस हजारांच्या पुढचाही येतो. आपल्याला जिथे सामसूम वाटते तिथे त्याला पुष्कळ काही ऐकू येत असते. २०१९ साली अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात एक प्रयोग झाला. माणसांच्या बोलण्याचा कलकलाट चालू ठेवून त्यात कुत्र्याचे नाव उच्चारले. कलकलाट नावाच्या आवाजाइतकाच मोठा असला तरी कुत्र्यांनी आपले नाव ओळखले. तुलनेसाठी, त्याच ठेक्यातली दुसऱ्या कुत्र्यांची नावेही ऐकवली होती. म्हणजे बाजाराच्या दिवशी, लग्नाच्या मांडवात, मळणीच्या खळ्यावर कुत्रे आपले नाव वेचून घेते.

पण हे नाव म्हणजे त्याच्या दृष्टीने निव्वळ आवाज असतो. ‘राजा’ म्हटल्याने त्याला राज्य मिळाल्यासारखे वाटत नाही. त्या आवाजामागून भाकरी येते की काठी येते, एवढेच ते शिकते. म्हणून नाव निवडताना अर्थ आपल्यासाठी पाहावा आणि आवाज कुत्र्यासाठी.

आवाजाची गंमत आपल्या भाषेतच आहे. कुत्र्याला बोलवायचे तर आपण ‘यू यू यू’ करतो, म्हणजे आखूड आवाज पुन्हा पुन्हा. बैल थांबवायचा तर एकच लांब ‘होऽऽ’. पॅट्रिशिया मॅक्कॉनेल या अमेरिकन अभ्यासक बाईंनी निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांच्या, जनावरांना द्यायच्या हाका आणि शिट्ट्या गोळा केल्या. त्यांनाही तेच आढळले. जनावराला पळवायचे, बोलवायचे असेल तिथे आखूड आणि वारंवार आवाज. सावकाश करायचे, थांबवायचे असेल तिथे एक लांब आवाज. दोन ठोक्यांचे नाव झटपट दोनदा-तीनदा घेता येते, हा त्याचा मोठा फायदा. ‘बाजीप्रभू’ किंवा ‘चंद्रशेखर’ असे नाव कुत्र्याला ठेवून पाहा. चौथ्या दिवशी त्याचे ‘बाज्या’ नाहीतर ‘चंद्या’ होईल.

आणखी एक पाहावे. आपण जे शब्द कुत्र्याला रोज हुकूम म्हणून सांगतो, त्यांच्यासारखे नाव नसावे. आपले हुकूम म्हणजे ये, बस, थांब, नको, चल. हाकलायचे असले तर ‘हाड’, आणि अंगावर सोडायचे असले तर ‘छू’. हल्ली कोणी कुत्र्याचे नाव ‘बॉस’ ठेवतात. ते बिचारे हाक मारली की खाली बसते, यात त्याचा काय दोष? ‘निको’ आणि ‘नको’ जवळजवळ सारखेच. आणि ‘छोटू’ म्हणून कुत्र्याला बोलवावे तर पहिल्याच अक्षराला ते समोरच्या पाहुण्याकडे बघू लागायचे. गोठ्यातल्या नावांचाही विचार करावा. बैलजोडी सर्जा-राजा असेल, तर कुत्रा ‘राजा’ नको. एका हाकेला दोघांनी माना वर केल्या की काम अडते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. कुत्रे व्याले की एका वेताला चार-सहा पिल्ले होतात. गावातले लोक पिल्लू मागायला येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘नर आहे का?’ कारण घरून निघतानाच पोरांनी नाव ठरवलेले असते, मोत्या किंवा वाघ्या. नरपिल्ले आठवड्यात निघून जातात. मादीपिल्ले उरतात. मग एखाद्या रात्री ती पोत्यात घालून बाजारतळावर, नाहीतर ओढ्याच्या काठी, नाहीतर दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडून येतात. त्यांतली काही जगतात, पण राखण करायला घर नसते, खायला उकिरडा असतो, आणि लस टोचायला कोणी नेत नाही. वर्ष झाले नाही तोच त्यांना पिल्ले होतात, आणि पुन्हा तेच चक्र सुरू.

‘मादी नको’ म्हणण्याचे खरे कारण राखणीचे नाही. मादी नराइतकीच राखण करते. खरी भीती असते ती दर वेताच्या पिल्लांची. त्यावर आज नसबंदीची शस्त्रक्रिया आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात तिची चौकशी करावी. ती भीती गेली की मग अडसर उरतो तो सवयीचा, आणि त्या सवयीत नावाचाही वाटा आहे. नावाचे कारण देऊन पिल्लू नाकारणे हा तर निव्वळ आळस झाला. घरून निघतानाच नर-मादी दोघांना शोभेल असे नाव ठरवले, तर घरातली पोरे हाती येईल ते पिल्लू आपले म्हणून उचलतात.

जुन्या लोकांनी मादीला कमी लेखले होते असेही नाही. ऋग्वेदात सरमा नावाची कुत्री आहे. पणींनी पळवून लपवलेल्या गाईंचा माग काढत जाणारी ती हीच. संस्कृतात कुत्र्याला ‘सारमेय’ म्हणतात, म्हणजे सरमेचा वंशज. अमरकोशात हा शब्द आहे. साऱ्या कुत्र्यांच्या जातीला आईच्या नावाने ओळखणारी भाषा आपल्याच घरची आहे. उलट महाभारतात धर्मराजाच्या मागून हिमालयात चालत गेलेल्या कुत्र्याला व्यासांनी नावच दिलेले नाही. असो.

नर-मादी दोघांना चालेल असे नाव मराठीत शोधताना मात्र थोडी खटपट पडते, कारण आपल्या नावांची शेपटी लिंग सांगून जाते. शिक्षकांनी हे मुलांना फळ्यावर मांडून दाखवावे. मोती–मोत्या, वाघ–वाघ्या, लाल–लाल्या, ठिपका–ठिपक्या. हा ‘या’ लागला की नाव पुरुषाचे झाले. माणसांतही तसेच, गणपतचा गण्या आणि रामचा राम्या. ‘ई’ लागली की बहुधा स्त्री, जसे काळी, चिंगी, ठिपकी, सोनी. पण ‘ऊ’ची शेपटी मोठी मोकळ्या मनाची. शकुंतलेची शकू होते आणि पांडुरंगाचा पांडू होतो. मालतीची मालू आणि गोविंदाचा गोंदू. ‘सोनू’ तर एका घरात मुलगा असतो आणि शेजारच्या घरात मुलगी. म्हणून काळू, सोनू, लालू, चिकू ही नावे कुत्र्याला आणि कुत्रीला सारखीच शोभतात.

मराठीत आणखी एक सोय आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ‘ये’, ‘बस’, ‘थांब’ हे हुकूम नराला आणि मादीला एकच. ‘लई गुणाचं कुत्रं हाय’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते ना तो असते ना ती. पिल्लूही नपुंसकलिंगीच. शेजारच्या कोकणी भाषेतही ‘सुणें’ म्हणजे कुत्रे, तेही नपुंसकलिंगीच. तेव्हा भाषेची आडकाठी फारशी नाही. ‘अरे’ आणि ‘अगं’ यांत तेवढे लिंग येते, पण कुत्र्याला ‘ए सोनू’ म्हटले की भागते.

या कामासाठी घरगुती कसोटी सांगतो. ठरवलेल्या नावाला आधी ‘बाई’ लावून पाहा आणि मग ‘राव’, ‘राम’ किंवा ‘जी’ लावून पाहा. दोन्ही बाजूंनी नाव नीट बसले, तर ते दोघांनाही चालते. माणिक घ्या. माणिकबाई आहेत, माणिकराव आहेत. मोतीबाई, मोतीराम. रतनबाई, रतनजी. हिराबाई आहेत, आणि शिवकाळातले हिरोजीही आहेत. गमतीची गोष्ट म्हणजे या कसोटीला उतरणारी बरीच नावे सराफाच्या पेटीतली निघतात. आणि ही नावे जुनी होत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी मोती हे नाव जुनाट वाटत नव्हते, आजही वाटत नाही. कुत्र्याला ‘मोत्या’ म्हणायची सवय असेल तर नुसते ‘मोती’ म्हणावे. शेपटीचा ‘या’ काढला की मादीलाही ते नाव मोकळे होते.

गंगा, काशी, तुळशी हीसुद्धा कसोटीला उतरतील. गंगाबाई आणि गंगाराम गावोगाव आहेत. पण ती कुत्र्याला ठेवू नयेत असे माझे मत आहे. ज्या नावाने कोणी हात जोडतो, त्याच नावाने आपण ‘हाड’ म्हणणार, त्याने शेजाऱ्याचे मन दुखावते. कोणा जातीचे, धर्माचे, पक्षाचे किंवा पुढाऱ्याचे नाव तर मुळीच नको. त्यापायी कोर्टकचेरीपर्यंत जायची वेळ आणू नये. ‘वाघ्या’ या नावाचेच पाहा. खंडोबाच्या भक्ताला आपण वाघ्या म्हणतो, आणि खंडोबाबरोबर कुत्रेही असते, म्हणून जेजुरीच्या वाटेवर ते नाव जिव्हाळ्याचे. रायगडावरच्या वाघ्याच्या १९३६ सालच्या स्मारकावरून मात्र गेली काही वर्षे वाद झडतो आहे. त्या वाघ्याला समकालीन कागदांचा आधार नाही, असे अनेक इतिहासकार सांगतात. तो वाद जाणत्यांनी मिटवावा. त्याने गोठ्यातल्या वाघ्याचे काही बिघडत नाही.

आता ‘किरण’कडे येऊ. हे नाव नर-मादी दोघांना चालते, अर्थ सुंदर आहे, आणि झेनोफनने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी त्याच अर्थाचे नाव आपल्या यादीत घातले होते. तरी आपल्या गावात ते ठेवताना दोन अडचणी आहेत. पहिली अशी की शाळेत पाच-सहा किरण असतात, आणि ‘किरणने चप्पल चावली’ असे कोणी ओरडले की भलत्याचीच आई घराबाहेर येते. दुसरी अडचण रानातली. शेवटी व्यंजन असलेले नाव लांबवता येत नाही. ‘मोतीऽऽ’, ‘हिराऽऽ’ ही हाक विहिरीपासून माळापर्यंत ताणता येते. त्यातही ‘आ’ हा स्वर तोंड उघडून म्हणायचा, त्यामुळे तो सगळ्यांत मोठ्याने निघतो. ‘किरण’ म्हणताना ‘ण’वर आवाज तिथेच मिटतो. या हिशेबाने घरात राहणाऱ्या कुत्र्याला माणिक आणि रतन चांगले. रानात फिरणाऱ्याला हिरा, मोती आणि सोनू अधिक चांगले.

चित्रपटांवरून नावे ठेवण्याची हौस जुनीच आहे. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मध्ये टफी नावाचे पांढरे कुत्रे होते. त्या दिवसांत ज्या घरी ‘टफी’ आले, त्या घरात ते नाव का ठेवले हे आज नातवंडांना समजावून सांगावे लागते. नावाला असा खुलासा जोडावा लागला की समजावे, नावाची गोडी गेली. तरी एक उदाहरण मला आवडले. २०२२ सालच्या ‘७७७ चार्ली’ या कन्नड चित्रपटात कुत्री आहे आणि तिचे नाव चार्ली आहे, चार्ली चॅप्लिनवरून ठेवलेले. नाव पुरुषाचे आणि जनावर मादी, तरी कोणाला खटकले नाही. रंगावरून नाव ठेवतानाही जरा थांबावे. पुष्कळ पिल्लांचा रंग वाढताना बदलतो. सहा महिन्यांत ‘काळू’ करडे दिसू लागते.

नाव ठरले की घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणावे. आजी ‘मोत्या’ म्हणते, नातू ‘मॅक्स’ म्हणतो आणि गडी ‘ए कुत्र्या’ म्हणतो, अशाने पिल्लाला कोणताच आवाज आपला वाटत नाही. पहिले आठ दिवस नाव घ्यावे, पिल्लाने मान वळवली की भाकरीचा लहानसा कुटका द्यावा. रागावताना नाव घेऊ नये. नावामागून मार येतो हे एकदा कळले, की हाक ऐकून ते जवळ येण्याऐवजी गंजीमागे दडते. जर्मनीतल्या रिको नावाच्या कुत्र्याला दोनशेच्या वर वस्तूंची नावे येत होती, हे २००४ साली शास्त्रज्ञांनी तपासून जाहीर केले. सगळी कुत्री रिको नसतात. पण आपले एक नाव शिकणे कोणत्याही गावठी पिल्लाला जड नाही.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. लसीच्या कार्डावर कुत्र्याचे नाव लिहायला जागा असते. तिथे नुसते ‘कुत्रा’ लिहून येणारे पुष्कळ भेटतात. पुढच्या वर्षी घरात तीन कुत्री असली तर कोणाला लस झाली आणि कोणाला नाही, हे त्या कार्डावरून मग कोणालाच सांगता येत नाही. रेबीज झाल्यावर उपाय जवळजवळ नसतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दोन अक्षरांची किंमत कळते.

शिक्षकांसाठी एक सूचना करतो. मुलांना आपापल्या आळीतल्या कुत्र्यांची नावे लिहून आणायला सांगावी. मग फळ्यावर ‘या’ची, ‘ई’ची, ‘ऊ’ची आणि उरलेली अशी चार घरे पाडावी, आणि कोणत्या घरात किती नर आणि किती माद्या ते मोजावे. व्याकरणाचा एक तास मजेत जाईल. नाव नसलेली कुत्री किती, तोही आकडा वेगळा लिहावा. त्यांत माद्या किती हे मुलांनाच मोजू द्यावे.

आणि पिल्लू आणायला जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ठरवलेले नाव रानात नेऊन पाहावे. घरातल्या एकाने बांधावर उभे राहून हाक मारावी, दुसऱ्याने पलीकडे विहिरीजवळ थांबून ऐकावी. वारा उलटा असेल तर आणखी बरे. नाव स्पष्ट ऐकू आले, आजीला म्हणता आले, धाकट्याला बोबडे का होईना पण म्हणता आले, की झाले. सकाळी लवकर निघावे, सोबत गोणपाटाचा तुकडा आणि थोडे दूध घ्यावे, आणि वेतातले जे पिल्लू आपणहून पायाशी येईल ते उचलावे.